अधिक-उणे

लिफ्टचं दार मिटता मिटता बाहेरून एक हात आत आला, दार पुन्हा उघडलं आणि वरच्या मजल्यावरची नर्स धापा टाकत आत शिरली. लिफ्टमध्ये आधी ती एकटीच होती. दोघींच्या हातांत पिशव्या होत्या, दोघी दिवसभराच्या कामानं दमलेल्या होत्या, त्यामुळे नुसतं हसणं झालं. लिफ्ट निघाली. नर्स दारावरच्या आकड्यांकडे बघत, अगदी सहज विचारावं तसं म्हणाली, "सर हल्ली थकलेत का हो?"

"का?"

"नाही, तसं काही नाही. आमच्या मुलीचा पेपर मिळाला काल. वर्गमुळाचं ते चिन्ह घालून एकोणपन्नास दिलं होतं. हिनं लिहिलं अधिक-उणे सात. बाईंनी कापलं. म्हणे नुसतं सात हवं. ही घरी येऊन रडायला लागली, की सरांनीच फळ्यावर असं लिहून दिलं होतं." नर्सनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "एका मार्काचं काय मोठंसं. मी आपलं विचारलं. वय झालं ना त्यांचं."

"वर्गमुळं दोनच असतात," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "अधिक आणि उणे. बाबांनी जन्मभर हेच शिकवलंय. मलासुद्धा माहीत आहे ते."

"हो का? मग बाईच चुकल्या असतील," नर्स म्हणाली. दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटशी बोलावं तशा मऊ आवाजात.

तिचा मजला आला. ती बाहेर पडली, दार मिटलं, लिफ्ट वर गेली. किल्ली हातात धरून ती आपल्याच दारासमोर उभी राहिली. मलासुद्धा माहीत आहे, असं आपण का म्हणालो? गणित या विषयाशी तिचा संबंध तुटून इतकी वर्षं झाली होती की तुटल्याचं दुःखही उरलं नव्हतं. ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे, त्यात प्लास्टर ओतून ती जबडे उभे करायची आणि त्यांवर कवळ्या, दातांच्या टोप्या, गेलेल्या दाताची जागा भरणारे पूल बसवायची. कोणाचा दात किती पिवळा आणि कोणाच्या हिरड्या किती मागे गेल्या, हे तिला नक्की सांगता आलं असतं. वर्गमुळाचं मात्र तिला एकच माहीत होतं, आणि ते माहीत होण्यासाठी तिला सगळ्या वर्गासमोर उभं राहावं लागलं होतं.

तेव्हा बाबा शाळेत तिच्याच वर्गाला बीजगणित शिकवायचे. शाळेत 'सर' म्हणायचं आणि घरी 'बाबा', हा नियम आईनं घालून दिला होता. शाळेतलं शाळेत, असं ती म्हणायची. फळ्यावर समीकरण होतं: क्षचा वर्ग बरोबर एकोणपन्नास. तिला उठवलं. तिनं ऐटीत सांगितलं, "क्ष बरोबर सात." सर थांबले. "आणि उणे सात कुठे गेला?" असं त्यांनी विचारलं आणि तिनं खरोखरच बाकाखाली पाहिलं. काहीतरी पडलंय आणि सर ते उचलायला सांगताहेत, असं तिला वाटलं होतं. वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन बघून गेल्या. सर हसले नाहीत. "अर्धं उत्तर म्हणजे चुकीचं उत्तर," ते म्हणाले, "बस." संध्याकाळी घरी बाबांनी तिला संत्रं सोलून दिलं, एकेक फोड पांढऱ्या शिरा काढून पुढे ठेवली. ती खात राहिली आणि विचार करत राहिली की हे तेच का? त्यानंतर बीजगणिताची वही ती शक्यतो उघडायचीच नाही. बाबांचा विषयच उणंदुणं काढायचा, असं दादा गमतीनं म्हणायचा. दादाला गणित यायचं, त्याला गंमत परवडायची.

तिनं दार उघडलं. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. समोरच्या भिंतीवर त्यांचा काळा फळा होता, शाळेनं नवे पांढरे फळे आणले तेव्हा मागून घेतलेला. निवृत्तीनंतर या खोलीत मुलं मावत नसत, काही जण दाराबाहेर चपलांच्या शेजारी बसून गणितं सोडवायचे. मग एकेक करून गळती लागली. आता फक्त वरच्या मजल्यावरची मुलगी उरली होती. फळ्यावर, बाबांच्या ठसठशीत अक्षरात, ओळ तशीच होती. वर्गमुळाचं चिन्ह, त्याच्या छपराखाली एकोणपन्नास, बरोबर, अधिक-उणे सात.

"चहा ठेवू?" तिनं विचारलं.

"ठेव की," बाबा म्हणाले, पेपरमधून मान वर न काढता.

चहा उकळेपर्यंत ती स्वयंपाकघराच्या दारातून त्या ओळीकडे बघत राहिली. ओळ बरोबर असली पाहिजे. बाकाखाली बघायला लावणारा उणे सात हाच तर होता. मग शाळेतल्या बाई चुकल्या. पण बाई रोज शिकवतात, त्यांच्यासमोर पुस्तक असतं. मग पुस्तक चुकलं? की आपल्या लहानपणापासून आतापर्यंत गणितच बदललं? तसं बदलतं का गणित? तिला वाटलं, बाबांना सरळ विचारावं. मग वाटलं, विचारलं आणि त्यांनी सांगितलं, तरी ते बरोबर सांगताहेत की चूक, हे आपल्याला कसं कळणार? ज्या तराजूबद्दल शंका आहे तोच तराजू तोलायला घेण्यासारखं ते. चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिनं मोबाईलवर एकोणपन्नास लिहून वर्गमुळाचं बटण दाबलं. सात. पुन्हा दाबलं, जणू मघाशी घाईत यंत्राकडून दुसरं उत्तर सांगायचं राहून गेलं असेल. सात. मग तिनं उणे सात गुणिले उणे सात केलं. एकोणपन्नास. म्हणजे यंत्राला माहीत आहे, आणि तरी ते सांगत नाही. तिच्या पुढ्यात एका म्हाताऱ्या बाईच्या जबड्याचा ठसा होता. जिथे दात तिथे खड्डा, जिथे खड्डा तिथे उंचवटा. हे उलटं तिच्या इतकं सरावाचं झालं होतं की ठसा बघूनच तिला बाईचं हसणं दिसायचं. त्यात घोटाळा कधी व्हायचा नाही. मग या एका उण्या चिन्हापाशी डोकं असं का बधिर होतं?

"एकोणपन्नासचं वर्गमूळ किती हो?" तिनं शेजारच्या टेबलावरच्या कारागिराला विचारलं. तो दातांना रंग चढवायचा. अर्धी हयात त्याची त्या टेबलाशी गेली होती आणि प्रत्येक प्रश्नाला तो आधी हसायचा.

"आता या वयात वर्गमूळ? ते तेव्हाच माझ्या मुळावर आलं होतं, म्हणून तर इथे दात रंगवतोय." त्यानं कुंचला पुसला. "सात. सातच की."

"उणे सात नाही?"

"दोन उत्तरांचं गणित असतं होय कुठे? मग ते गणित कसलं, ती आमची बायको झाली."

दुपारी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा रंगाबद्दल फोन आला. बोलणं संपताना तिनं त्यांनाही विचारून टाकलं. बाई गोंधळल्या. "दोन असतात बहुतेक. अधिक-उणे असं काहीतरी लिहायचो ना आपण? का हो, काय झालं?" काही नाही, असं म्हणून तिनं फोन ठेवला. एक म्हणतो एक, एक म्हणते दोन, दोघंही धडधाकट आणि दोघांनाही धड माहीत नाही. त्यांना कोणी विचारत नाही की हल्ली थकलात का. गोंधळात राहण्याची परवानगी सगळ्यांना आहे, फक्त बाबांना नाही, कारण त्यांना ते येत होतं.

त्या आठवड्यात ती बाबांकडे बघायला लागली. आधीही बघत होतीच, पण आता प्रत्येक गोष्ट तिला दोन बाजूंनी दिसायची. बाबांनी तिला आईच्या नावानं हाक मारली. पण आई होती तेव्हाही ते घाईत दोघींची नावं उलटसुलट करायचे. त्यांनी एका जुन्या मुख्याध्यापकांची गोष्ट पुन्हा सांगितली. पण ती गोष्ट तर ते कायमच पुन्हा सांगत आले होते, पुन्हा सांगणं हाच त्या गोष्टीचा गुण होता. ते पेपरातलं आकड्यांचं कोडं सोडवेनासे झाले होते. अक्षर बारीक झालंय, असं ते म्हणाले, आणि अक्षर खरंच बारीक होतं. फिरायला गेले आणि उशिरा परतले. "दुसऱ्या रस्त्यानं आलो," म्हणाले, "रोज तोच तो रस्ता." यात विचारण्यासारखं काय होतं? आणि न विचारण्यासारखं तरी काय होतं? एकदा त्यांनी मध्येच चमचा खाली ठेवला. "माझ्याकडे काय बघतेस सारखी? दाढी राहिलीय का?"

"नाही, कुठे काय."

"मग जेव."

दादाचा फोन यायचा तसा आला. तो दुसऱ्या शहरात इंजिनीयर होता आणि फोनवर नेहमी काहीतरी खात असल्यासारखा बोलायचा. बाबा कसे आहेत? ठीक. ठीक म्हणजे? ठीक म्हणजे ठीक. काय सांगायचं? बाबांनी सातच्या आधी एक चिन्ह जास्तीचं लिहिलं, हे? त्याला सगळं माहीत असणार, एका शब्दात सांगेल तो. तिनं आवाज शक्य तितका हलका केला. "दादा, एकोणपन्नासचं वर्गमूळ रे किती?"

पलीकडचं चघळणं थांबलं. "का?"

"असंच. शब्दकोडं आहे."

"शब्दकोड्यात वर्गमूळ?" मग हळू म्हणाला, "बाबांनी काही चुकवलं का?"

"छे रे. तू म्हणजे ना," असं म्हणून तिनं विषय बदलला आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की उत्तर त्यानं दिलंच नाही.

वरची मुलगी त्या आठवड्यात आली नाही. शिकवणीच्या वेळेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फळ्याशेजारी बसायचे, खडू डबीतून काढून हातात धरायचे, आणि लिफ्टचा आवाज झाला की दाराकडे बघायचे. "ताप आला असेल पोरीला," ते म्हणाले. "जरा वर जाऊन विचारून ये ना." ती जाते म्हणाली आणि गेली नाही. फळ्यावरची ओळ तिनं पुसली नव्हती. येता-जाता ती वाचायची. कधी ती अगदी बरोबर वाटायची, कधी काहीतरी तिरकं असल्यासारखी. जास्त वेळ बघितलं की एखाद्या शब्दाचा अर्थ उडून जातो आणि नुसती अक्षरं उरतात, तसं होऊन तो सात नुसताच एक वाकडा विळखा दिसायला लागायचा.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बाबा पुन्हा तसेच बसले तेव्हा तिला राहवलं नाही. ती समोर खुर्ची ओढून बसली. "बाबा, मला शिकवा."

"काय?"

"वर्गमूळ."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. हसावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. "आता?"

"आता. एकोणपन्नासचं. एक की दोन, ते सांगा."

"एक की दोन," बाबा स्वतःशीच म्हणाले आणि त्यांचा चेहरा बदलला. तो बदल तिच्या ओळखीचा होता. वर्गाचं दार उघडून आत पाऊल टाकताना असाच बदलायचा. "बरोबर जागी अडलीस. सगळे तिथेच अडतात आणि अडलो असं कोणी म्हणत नाही. हे बघ. मी विचारलं, अशी कोणती संख्या आहे जिचा वर्ग एकोणपन्नास?"

"सात."

"आणखी?"

"उणे सात," ती म्हणाली आणि इतक्या वर्षांनीही तिची नजर खाली, खुर्चीच्या पायांकडे गेली.

"बरोबर. कारण प्रश्न होता, कोण कोण? म्हणून दोघंही आले पाहिजेत. एकालाच आणलंस तर उत्तर अर्धं. हे झालं समीकरण. आता वर्गमुळाचं चिन्ह. ते प्रश्न विचारत नाही. ते हाक मारतं. मी घरात 'पोरांनो' म्हटलं तर कोण येईल?"

"मी आणि दादा."

"आणि 'धाकटे' म्हटलं तर?"

"मी."

"तूच. दादाही माझाच, पण ती हाक त्याची नाही. तसं सात आणि उणे सात, दोन्ही एकोणपन्नासची वर्गमुळं. पण ते छप्पर घातलं की हाक धनालाच जाते. उण्याला बोलवायचं असेल तर छपराच्या बाहेर आपल्या हातानं उणे लिहायचं."

"पण असं का? कोणी ठरवलं?"

"माणसांनी. एका चिन्हाची एकच किंमत पाहिजे गं. आज सात, उद्या उणे सात, असं झालं तर पुढचं सगळं गणित डळमळेल. त्यावर काही उभंच करता येणार नाही."

"म्हणजे उणे सात वर्गमूळ आहे, पण वर्गमुळाच्या चिन्हात नाही?"

"शाबास!" बाबांनी मांडीवर थाप मारली.

ते बोलत असताना सगळं लख्ख दिसत होतं आणि ते थांबले की पुन्हा धुकं यायचं. समजलं की नाही हे तिला सांगता येईना. पण बाबांना येतंय! एवढं तिला नक्की कळलं. यंत्र सात म्हणतं ते यामुळे, वर्गात उणे सात हवा होता तो यामुळे, दोन्ही गोष्टी एकाच घरात राहू शकतात. तिला एकदम हलकं वाटलं, उठून सगळ्या खिडक्या उघडाव्यात असं वाटलं. आणि त्याच हलकेपणात, जिन्यावर शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी झालं. बाबांचं आताचं बरोबर असेल तर फळ्यावरचं चूक आहे.

"थांब, लिहून दाखवतो," म्हणत बाबा उठलेच होते. "असू दे बाबा, कळलं मला," ती म्हणाली, पण ते वळले होते. खडूचा हात वर गेला आणि तिथेच राहिला.

"हे कोणी लिहिलं?"

बाबा फळ्याच्या जवळ गेले, मग लांब झाले. सातच्या शेपटीवरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला खडू लागला, तो त्यांनी अंगठ्यानं चोळला. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. मग, "म्हणून ती येत नाही."

"बाईंनी एक मार्क कापला तिचा."

"बाईंनी बरोबर केलं." ते खुर्चीत बसले, फळ्याकडे पाठ करून. इस्त्रीच्या शर्टात त्यांचे खांदे तिला पहिल्यांदाच लहान दिसले. "मला स्वतःबद्दल शंका होती. पण शंकाच होती."

"झोप झाली नसेल त्या दिवशी नीट. कोणाचंही होतं असं."

"समजूत काढू नकोस." त्यांचा आवाज सरांचा होता, पण लगेच तो खाली आला. "पूर्वी कसं व्हायचं, हातून चूक व्हायला लागली की आत कुठेतरी टोचायचं. खडू आपोआप थांबायचा. आता टोचत नाही गं. चूक करताना ती चूक वाटतच नाही, अगदी बरोबर वाटते. हे लिहिलं तेव्हाही मला बरोबरच वाटलं असणार. तीच भानगड आहे. आता मी तुला सांगितलं ते बरोबर होतं ना?"

हे त्यांनी तिला विचारलं होतं. तिला! आणि त्यांच्या चेहऱ्यावर उत्तराची वाट होती.

"यंत्र सातच म्हणतं," ती म्हणाली. याहून जास्त तिच्याकडे काही नव्हतं.

"हं," बाबा म्हणाले. "दादाला कळव. डॉक्टरांकडे जाऊ. पण आधी वर जा आणि पोरीला सांग, सर चुकले. उगाच बाईंवर राग धरून बसायची."

नर्सनं दार उघडलं तेव्हा मुलगी आतल्या टेबलाशी काहीतरी खोडत बसली होती. निरोप सांगताना तिची जीभ अडखळली. लिफ्टमध्ये मी जे बोलले ते, म्हणजे वर्गमुळं दोन असतात हे खरं, पण चिन्हाचं वेगळं असतं, म्हणजे सर म्हणाले की ते चुकले. नर्सनं सगळं ऐकून घेतलं. "मला वाटलंच होतं," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे वॉर्डात असे पेशंट रोज बघते मी. वेळेत दाखवा बरं का. आणि शिकवणीचं... हिच्या परीक्षा आल्यात हो तोंडावर." मुलगी आतून म्हणाली, "आई, सर चुकले असं सर स्वतः म्हणाले? खरंच?" नर्स दाराच्या कडीशी चाळा करत राहिली, आणि आपण हे बोलणार आहोत हे स्वतःलाही ठाऊक नसताना निरोप घेऊन आलेली ती बोलून गेली, "बाबा शिकवताना मी बसेन बाजूला. तिच्या शेजारी. रोज."

"तुम्हाला येतं गणित?"

"नाही."

नर्सला हसू आलं, मग तिलाही आलं, आणि त्या हसण्यात काय ठरलं ते दोघींपैकी कोणीच मोठ्यानं बोललं नाही. खाली येताना तिला वाटलं, हे आपण काय करून बसलो. आंधळ्यानं दुसऱ्याला रस्ता ओलांडून देतो म्हणावं तसं हे झालं. बाबांना सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी जरा विचार करून मान हलवली. "चालेल. तुला येत नाही तेच कामाचं आहे. ज्याला येतं तो माझी चूक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो, त्याच्या लक्षातही येत नाही. तू अडशील. अडलीस की बोल."

दादा येऊन गेला. डॉक्टरांनी बाबांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द सांगून ते परत विचारले, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. ते बाबांनी इतक्या झरझर केलं की डॉक्टरांनाच कागद बघावा लागला. शब्द मात्र आठवले नाहीत. सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. मग असंही म्हणाले की सुरुवात पुष्कळ लांबू शकते. गोळ्या दिल्या. शिकवणी चालू ठेवू का, असं बाबांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ठेवा की, चांगलंच आहे. दादा जिन्यात तिला म्हणाला, "तू बसणार? तू?" आणि मग लहानपणी कधी घेतला नव्हता तसा त्यानं तिचा हात हातात घेतला, जरा वेळ धरला आणि सोडला.

मुलगी आली. बाबांनी फळा आधीच स्वच्छ पुसून ओल्या फडक्यानं काळाकुळीत केला होता. लॅबमधून लवकर निघून ती मुलीशेजारी बसली. नखांत प्लास्टर होतं, बोटांत पेन्सिल विचित्र वाटत होती. बाबा शिकवायला लागले आणि थोड्याच वेळात तिला कळून चुकलं की हे काम आपल्याला झेपणारं नाही. तिला काहीच कळत नव्हतं. कंस, घातांक, या बाजूचं त्या बाजूला; प्रत्येक ओळीला ती अडत होती, आणि प्रत्येक ओळीला मुलगी सहज मान डोलवत होती. आपण अडलो ते आपल्यामुळे की बाबांमुळे? दोन्हींचं दुखणं आत एकाच जागी, एकसारखंच दुखत होतं. एकदा तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा एकदा तसंच झालं. बाबा मध्ये मध्ये तिच्याकडे बघत होते, आणि ती गप्प आहे म्हणजे आपलं ठीक चाललंय असं समजून पुढे जात होते.

मग बाबांनी कंसात उणे सात लिहिलं, कंसावर वर्गाचा दोन काढला, आणि त्या सगळ्यावर वर्गमुळाचं छप्पर घातलं. "आता गंमत बघा," ते खुशीत म्हणाले. "वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना खाऊन टाकतात. हा गेला, हाही गेला. उरलं काय? उणे सात." खडू टक्कन वाजला. मुलीनं मान डोलवली आणि उतरवून घेतलं. आणि खरंच किती सोपं होतं ते! दोघं एकमेकांना खातात, मधला उरतो, तिलासुद्धा पटलं. फक्त छपरातून उणं कसं बाहेर आलं? हाक धनालाच जाते म्हणाले होते ना? पण कंसात असलं की वेगळा नियम असेल. वर्गाचा काही असेल. असेल काहीतरी, सगळ्यांनाच माहीत असेल, मुलगी बघ कशी लिहितेय. बाबा पुढची ओळ लिहायला वळले. त्यांची पाठ किती ताठ होती, किती दिवसांनी इतकी ताठ होती, आणि या पाठीला आता काहीतरी म्हणायचं म्हणजे...

"बाबा," ती म्हणाली. मग, मुलगी शेजारी आहे हे आठवून, "सर. मला नाही कळलं."

मुलीनं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं. बाबा वळले. "कुठे?"

"उणे सात कसं आलं ते. छपरातून."

बाबा फळ्याकडे बघू लागले. त्यांचे ओठ हलत होते. ते पहिल्या ओळीपासून खाली येत होते, पुन्हा वर जात होते. त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती रागाची आहे की भीतीची, हे तिला कळेना. मी मूर्ख आहे, असं होऊ दे, असं तिला मनापासून वाटलं. ते आत्ता वळतील आणि साऱ्या वर्गासमोर मला बस म्हणतील. बाबांनी हात उचलला. फडकं जवळच होतं, पण ते त्यांनी घेतलं नाही, तळहातानंच उणे चिन्ह पुसलं.

"तुला कळलं नाही ते बरोबर आहे," ते म्हणाले. "ते कळण्यासारखं नव्हतंच."

आणि तळहातावरचा पांढरा खडू शर्टाला पुसून, लेकीला समजतंय का ते तिच्या चेहऱ्यावर बघत, त्यांनी ती ओळ पहिल्यापासून सांगायला घेतली.